युनियन नोंदली, सर्टिफिकेट आलं, तरी कंपनी म्हणते, "तुमच्याशी कशाला बोलू?"

कुपवाडचा भट्टीवाला

मंडळी, वाचतो रोज, लिहितोय पहिल्यांदा. कुपवाड एमआयडीसीत एका कास्टिंग कंपनीत आहे. नाव घेत नाही, कारण उघड आहे. परमनंट आम्ही दोनशेच्या आसपास, कंत्राटी जवळपास तेवढेच. पगारवाढ म्हणजे दिवाळीच्या तोंडावर एचआर नोटीस बोर्डाला कागद लावतं, तेवढीच. कुणाला किती आणि का, हे विचारायची सोय नाही. भट्टीपुढे उभा राहणारा आणि साहेबाच्या मागेपुढे करणारा, यात कुणाला जास्त मिळतं ते सांगायला नको.

बाहेरचा पुढारी नको म्हणून आतल्याच पोरांनी युनियन काढली. नियमावली, सह्या, सभासदांची यादी, सगळं रजिस्ट्रारकडे गेलं. त्रुटी निघाल्या, परत गेलं, शेवटी सर्टिफिकेट आलं. पेढे वाटले. मग मागणीपत्र दिलं तर एचआरने पोच दिली नाही. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. उत्तर काय, तर "आपली संघटना मान्यताप्राप्त नाही, सबब आपल्याशी चर्चा करण्याचे व्यवस्थापनास कारण नाही." वर आता एचआरनेच एक कमिटी नेमलीय आणि सांगतायत, काय बोलायचं ते कमिटीत बोला. आमच्या युनियनच्या एका कमिटी मेंबरची परराज्यातल्या डेपोला बदली निघालीय, आणि "मला युनियन नको" अशी छापील पत्रं सहीला फिरतायत.

सरकारने नोंदली ती युनियन मालकाला मान्य नाही, असं कसं चालतं? पुढं काय करायचं?

मिरजेचा तात्या

पेढे जरा लवकर वाटले मर्दा. ते मान्यतेनंतर वाटायचे असतात.

जुना सरचिटणीस

भट्टीवाले, उत्तर उर्मट आहे, पण कायद्याला धरून आहे. मी नोकरीभर युनियनचं काम केलं, आता निवृत्त आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

१९२६ चा ट्रेड युनियन कायदा संघटनेला फक्त अस्तित्व देतो. तिच्या नावाने बँकेत खातं निघतं, कोर्टात उभं राहता येतं. कलम १७ आणि १८ चं संरक्षण मिळतं, म्हणजे संपाची हाक दिली म्हणून पदाधिकाऱ्यांवर फौजदारी कटाचा खटला किंवा नुकसानभरपाईचा दावा लागत नाही. (साहेबाची कॉलर धरलीत तर १७ कलम वाचवायला येत नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.) पण मालकाने तुमच्याशी बोललंच पाहिजे असं त्या कायद्यात कुठेही नाही. मान्यता सक्तीची करणारी दुरुस्ती १९४७ साली केंद्रीय कायदेमंडळात मंजूर झाली होती. ती कधीच अमलात आली नाही. मालक लोकांचं नशीब बघा.

आपल्या राज्याने ही उणीव १९७१ च्या कायद्याने भरून काढली. नाव लांबलचक आहे, महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध वगैरे. आम्ही आयुष्यभर 'पल्प'च म्हणालो. ८ सप्टेंबर १९७५ पासून लागू आहे. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यातली नोंदणीकृत संघटना औद्योगिक न्यायालयात मान्यतेसाठी अर्ज करू शकते. मान्यता कोर्ट देतं, मालक देत नाही. मालकाच्या दारात खेटे घालणं त्यासाठीच बंद करा.

अट अशी : अर्ज ज्या महिन्यात करता त्याच्या आधीचे सहा कॅलेंडर महिने, सलग, किमान ३० टक्के कामगार तुमचे सभासद हवेत. जुलैत अर्ज करायचा तर जानेवारी ते जून. मार्चमध्ये आकडा घसरला आणि एप्रिलमध्ये सावरला, तर चालत नाही. पुन्हा शून्यापासून महिने मोजायचे.

आता खरी मेख. हे सहा महिने सिद्ध कसे होतात? पावती पुस्तकाने. कोर्टाचा इन्व्हेस्टिगेटिंग ऑफिसर येतो, सभासद अर्ज, वर्गणीच्या स्थळप्रती, सभासद नोंदवही आणि कंपनीचं मस्टर समोरासमोर ठेवतो. तेव्हा काय काय निघतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सहा महिन्यांच्या पावत्या, सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताच्या, एकही खाडाखोड नाही, एकही कोपरा दुमडलेला नाही. फौंड्रीतल्या माणसाच्या हातातून गेलेली पावती इतकी स्वच्छ असते होय? अधिकारी काही बोलत नाही. नुसता त्या महिन्याचं बँक पासबुक मागतो. वर्गणी जमा झाली आणि भरलीच नाही, की तिथंच गाडी अडते.

म्हणून वर्गणी दर महिन्याला, पगार झाला की दोन-तीन दिवसांत गोळा करा. पावतीवर तारीख, तिकीट नंबर आणि वर्गणी कुठल्या महिन्याची ते लिहा. पैसे त्याच महिन्यात बँकेत. कायद्याने वर्गणी महिना किमान पन्नास पैसे आहे, हसू नका, आकडा १९७१ चा आहे. कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे आणि ठराव इतिवृत्तात उतरले पाहिजेत. हिशेबाचं ऑडिट हवं. ही मान्यतेचीच अट आहे. इतिवृत्त न लिहिणाऱ्या युनियन भाषणात फार पुढे असतात, असा माझा अनुभव.

आणि एक. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत तुम्ही बेकायदा संप केला, चिथावला, तर मान्यता मिळत नाही. बदलीच्या रागात कुणी 'उद्या टूल डाऊन', म्हणजे काम बंद, म्हणेल. मालकाला तेच हवं असतं.

विट्याचा सायझिंगवाला

काका, पन्नासची अट म्हणालात. आमच्याकडं यंत्रमागाच्या एका शेडात आठ-दहा माणसं. मालक तोच, पण एक शेड बायकोच्या नावावर, दुसरं भावाच्या, तिसरं पोराच्या. आमचं काय?

जुना सरचिटणीस

विटेकर, एकेका शेडाचा हिशोब धरला तर मान्यतेचं प्रकरण तुम्हाला लागू होत नाही. पण नोंदणीला अडचण नाही, ती एका शेडापुरती करायची गरजच नाही. साऱ्या यंत्रमाग कामगारांची मिळून एक संघटना काढा. २००१ च्या दुरुस्तीनंतर अट आहे ती त्या आस्थापनेतले किंवा उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा, आणि कमीत कमी सात. शंभर सभासद विट्यात मिळणार नाहीत का? मग बोलणी मालकांच्या असोसिएशनशी, समेट अधिकाऱ्यापुढं, म्हणजे तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढं. एकेका मालकाशी बोलायला गेलात तर वर्ष जाईल.

एचआरच्या खुर्चीतून

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. मी याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका कंपनीत एचआरला आहे.

मान्यता नसलेल्या युनियनशी बोलायला व्यवस्थापन का कचरतं? आज तुमच्याशी करार केला, उद्या दुसरी युनियन म्हणते आम्हाला तो मान्य नाही, आमचा चार्टर वेगळा. समेट अधिकाऱ्याच्या पुढ्यात न होता दोन पक्षांनी आपापसात केलेला करार, ज्याला सगळे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलमावरून अठरा-एक म्हणतात, तो सही करणाऱ्यांनाच बांधतो. समेटात झालेला बारा-तीनचा करार सगळ्यांना बांधतो. मान्यताप्राप्त संघटना एकच असते, त्यामुळे आम्हालाही ती आली की बरं पडतं. खोटं वाटेल, पण तीन वर्षांचा एक करार झाला की प्रॉडक्शनवाले शांत झोपतात.

पण "मला युनियन नको" अशी पत्रं फिरवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. ज्या कुणा साहेबाच्या डोक्यातून ते निघालं त्याने 'पल्प' कायद्याची दुसरी अनुसूची वाचलेली नाही. त्यातली एक प्रत जपून ठेवा, एवढंच सांगतो.

मिरजेचा तात्या

एचआरने पुरावा जपून ठेवायचा सल्ला दिलेला धागा मी प्रिंट काढून लावणार आहे.

कोर्टाच्या पायरीवर

एचआरवाल्या दादांनी दुसऱ्या अनुसूचीचा उल्लेख केलाच आहे, तर पूर्ण करतो. मालकाने संघटनेत जाण्यापासून कामगाराला अडवणं, धमकावणं, संघटनेच्या कारभारात ढवळाढवळ करणं, स्वतःची पाळलेली संघटना उभी करणं, हे सगळं त्यात अनुचित प्रथा म्हणून आहे. भट्टीवाल्यांसाठी महत्त्वाचा आहे त्यातला पाचवा मुद्दा : मान्यताप्राप्त संघटनेशी सद्भावनेने सामुदायिक वाटाघाटी करायला नकार देणं. मालकाला टेबलावर आणून बसवणारं कलम हेच. पण त्यात 'मान्यताप्राप्त' लिहिलंय. म्हणूनच कंपनीच्या पत्रात तो शब्द इतका नेमका आला. ते पत्र वकिलाने लिहिलंय. (तिसऱ्या अनुसूचीत हेच बंधन मान्यताप्राप्त संघटनेवरही आहे. नुसतं अडून बसता येत नाही.)

बदलीचा प्रश्न वेगळा आहे, त्याला मान्यता लागत नाही. चौथ्या अनुसूचीत तिसरा मुद्दा : व्यवस्थापनाचं धोरण असल्याचा बहाणा करून आकसाने केलेली बदली. तक्रार औद्योगिक न्यायालयात, ९० दिवसांच्या आत. कलम ३० खाली अंतरिम आदेश मागता येतो, म्हणजे निकाल लागेपर्यंत बदलीला स्थगिती. अपॉइंटमेंट लेटरमध्ये 'भारतात कुठेही बदली' असं छापलेलं असणार, ते गृहीत धरून चला. आकस सिद्ध करायला तारखा बोलतात : कमिटी निवडली कधी, मागणीपत्र पोचलं कधी, बदलीचा कागद निघाला कधी. एका पानावर क्रमाने मांडा आणि वकिलाकडे न्या. फक्त एक करू नका. बदलीच्या जागी जायचं नाही आणि कोर्टातही जायचं नाही, घरी बसून राहायचं, असं झालं तर गैरहजेरीची चार्जशीट येते आणि मग मूळ अन्याय बाजूला पडून त्याच चार्जशीटवर वर्षं जातात.

कंत्राटी क्रमांक अमुक

सगळे परमनंटांचं बोलताय. मी त्याच पट्ट्यात फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, आहे. ग्राइंडर तोच, धूळ तीच, गॉगल मात्र कंपनीचा परमनंटाला आणि आम्हाला कंत्राटदाराने दिला तर. वर्षातून एकदा ब्रेक, मग नव्या कंत्राटदाराच्या नावाने गेटपास, माणूस तोच. तुमच्या युनियनमध्ये आम्हाला घेणार का? का आमची वर्गणी चालते आणि मागणी चालत नाही?

कुपवाडचा भट्टीवाला

भाऊ, खरं सांगतो, या विषयावर आमच्या कमिटीत दोन तट आहेत. काही जण म्हणतात कंत्राटी घेतले तर टक्का मोजताना घोळ होईल.

कोर्टाच्या पायरीवर

सभासद करून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, नियमावलीत तशी तरतूद करा. पण 'पल्प'खाली कंत्राटी कामगार थेट मुख्य कंपनीविरुद्ध तक्रार घेऊन गेला तर सुप्रीम कोर्टाचा २००१ चा सिप्ला निकाल आडवा येतो. मालक-कामगार हे नातंच कंपनीने नाकारलं, तर आधी ते नातं दुसऱ्या मंचावर सिद्ध करून या, असं तो निकाल सांगतो. म्हणजे कंत्राट हे नुसतं नावाला आहे, खरा मालक कंपनीच आहे, असा वाद कामगार आयुक्तांमार्फत रेफरन्सने न्यायाधिकरणात न्यावा लागतो. लांबचा रस्ता आहे. पण गेटपास, सेफ्टी ट्रेनिंगच्या सह्या, कंपनीच्या सुपरवायझरने दिलेल्या कामाच्या चिठ्ठ्या, हे सगळं आजपासून जमवायला काय हरकत आहे?

जुना सरचिटणीस

कायद्याचं राहू दे बाजूला. भट्टीवाले, ज्या दिवशी तुमची बोलणी फिसकटतील त्या दिवशी भट्टी कुणाच्या जिवावर चालू राहील, याचा कमिटीतल्या त्या दुसऱ्या तटाने विचार केलाय का? निम्मी माणसं बाहेर ठेवून केलेली एकी कंपनीला फार आवडते. पहिल्या मागणीपत्रात कंत्राटींच्या दोन तरी मागण्या घाला, सुरक्षेची साधनं आणि किमान वेतनाची पावती. त्याला परमनंटांचा काही खर्च नाही.

तासगावची

मी बेदाण्याच्या शेडला निवडायला जाते. आम्ही सगळ्या बायकाच. हंगाम असतो तेव्हा पहाटेपासून, नसतो तेव्हा काही नाही. किलोवर पैसे. वजन करताना मापाडी काय लिहितो ते आम्ही कधी पाहिलेलं नाही. हे सगळं वाचून वाटलं, सहा महिने सलग सभासद राहायचं म्हणजे आमचा हंगामच तेवढा नसतो. आमच्यासारखीला कुठला दरवाजा?

साताऱ्याचा इतिहासप्रेमी

ताई, थोडं अवांतर वाटेल पण तुमच्याच प्रश्नाशी जोडलेलं आहे. हमालांचा प्रश्न हाच होता : मालक एक नाही, काम रोज नाही, मजुरी नगावर. आमच्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील मुंबईच्या बाजारपेठेत हमालांना एकत्र करत गेले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यात एका मालकाशी वाटाघाटी करत बसायची गरजच काढून टाकली. मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांचं मंडळ, मालकाने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, मंडळाकडे भरायची, मंडळाने कामगाराला मजुरी द्यायची, त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या कुणालाही विचारा, मंडळ नसतं तर काय झालं असतं.

आणि पावती पुस्तकावरून आठवलं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. सत्यशोधक माणूस, 'दीनबंधू' वृत्तपत्र चालवणारा. १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या चळवळीमुळे. पण त्या असोसिएशनला सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, नियमावलीही नव्हती. सारी ताकद लोखंड्यांच्या शब्दावर आणि कामगारांच्या सह्यांवर.

कुपवाडचा भट्टीवाला

मग पावत्या नसतानाही रविवार मिळालाच की!

साताऱ्याचा इतिहासप्रेमी

मिळाला. पण १८९७ मध्ये लोखंडे गेले आणि असोसिएशनचं पुढं काही उरलं नाही. तुमच्या कमिटीतल्या एकाची बदली झाली तर तुमची युनियन उरेल का, ते बघा.

जुना सरचिटणीस

तासगावच्या ताई, किलोवरची मजुरी असली तरी किमान वेतनाचा हक्क सुटत नाही. किमान वेतनाच्या तक्रारीला मान्यता लागत नाही, संघटनेची नोंदणी पुरते. तुमच्या एका शेडात सात जणी भेटतीलच, पण एका शेडावर थांबू नका. आधी मापाचा कागद मागा. सगळ्यांनी एकाच दिवशी मागा.

संहिता वाचलेला

सगळं चांगलं चाललंय, पण चर्चा जुन्या कायद्यावर चाललीय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, तिन्ही तिच्यात गेले. वरती जे अठरा-एक, बारा-तीन म्हटलं, ते आकडे आता सवयीने तोंडात राहतील एवढंच.

जुन्या कायद्याखाली नोंदलेली संघटना संहितेखाली नोंदलेलीच समजली जाते, तेव्हा भट्टीवाल्यांनी त्याची काळजी करू नये. पण वाटाघाटींचा हक्क संहितेत वेगळ्या मापाने मोजलाय. एकापेक्षा जास्त संघटना असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा जिला, ती एकटी 'वाटाघाटी करणारी संघटना'. कुणालाच ५१ नसतील तर वाटाघाटी परिषद, तिच्यात निदान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांचे प्रतिनिधी, दर २० टक्क्यांमागे एक. ही मान्यता तीन वर्षांची, मालक आणि संघटना दोघांच्या संमतीने पाचपर्यंत.

संपाची नोटीस आता प्रत्येक कारखान्याला लागते, १४ दिवस आधी. पूर्वी केंद्रीय कायद्यात ती सार्वजनिक सेवांपुरती होती, आपल्याकडे 'पल्प'मुळे १४ दिवसांची सवय आहेच. आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच. सामूहिक रजेचा डाव गेला.

कुपवाडचा भट्टीवाला

म्हणजे ३० टक्के की ५१? आता डोकंच फिरलं.

संहिता वाचलेला

संहितेने जे तीन कायदे रद्द केले त्यात राज्याचा १९७१ चा कायदा नाही. पण एकाच विषयावर केंद्राचा नवा आणि राज्याचा जुना कायदा आमनेसामने आले की कंपनीचा वकील त्यावर बोट ठेवणारच. तुम्ही त्या वादात पडूच नका. दोनशेत साठ सभासदांवर समाधान मानणारी युनियन दोन्हीकडून अडते. एकशे दहा करा, सहा महिने टिकवा, मग कुठल्याही दारातून जा.

एचआरच्या खुर्चीतून

हे मात्र खरं. ३० टक्केवाल्या युनियनशी आम्ही कोर्टात भांडतो. ५५-६० टक्केवाली आली की साहेब स्वतःच विचारतात, बोलून टाकायचं का?

कंत्राटी क्रमांक अमुक

वर्गणी पगारातूनच कापून घेतली तर? कुणाच्या मागे फिरायला नको.

जुना सरचिटणीस

मान्यतेनंतर कामगाराच्या लेखी संमतीने तशी सोय करता येते. पण पहिली दोन-तीन वर्षं करू नका, माझं मत. वर्गणी मागायला माणूस मशीनपाशी जातो तेव्हा कुणाची रजा नाकारली, कुणाचा ओव्हरटाइम बुडाला ते कळतं. कापून आलेल्या पैशातून फक्त आकडा कळतो. शिवाय कंपनीशी बिघडलं की पहिल्याच महिन्यात कपात थांबते, आणि तोवर कमिटीला दारोदार जायची सवय गेलेली असते.

कुपवाडचा भट्टीवाला

रविवारी दुपारी बैठक ठेवलीय, कंत्राटी पोरांना पण बोलावलंय. थोडी कुरकुर झाली, पण बोलावलंय. बदलीवाल्याची तारखांची यादी तयार आहे, सोमवारी वकिलाकडे. "युनियन नको"चं पत्र तिघांकडून मिळालं, त्यातल्या एकावर सुपरवायझरच्या हातची 'उद्यापर्यंत परत द्या' अशी चिठ्ठी टाचलेली आहे.

पावती पुस्तकं छापायला टाकतोय. शंभर पानी घेऊ की पन्नास?

जुना सरचिटणीस

पन्नास. प्रत्येक खात्याच्या माणसाकडे वेगळं पुस्तक, म्हणजे एक हरवलं तरी सगळा कारखाना बुडत नाही. क्रमांक छापखान्यातूनच सलग घ्या, हाताने घालू नका. वर युनियनचं नाव आणि नोंदणी क्रमांक. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही, 'रद्द' लिहून दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या. आणि कुठलं पुस्तक कुणाला, कुठल्या तारखेला दिलं, त्याची एक वही.

तासगावची

काका, त्या पावतीचा नमुना इथंच टाकाल का? आमच्या शेडमधल्या अकरा जणी तयार आहेत. मापाचा कागद शुक्रवारी मागायचं ठरलंय.